चांगला शिक्षक कोणता? – विद्यार्थ्यांचे म्हणणे

ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले आणि विषयाची निवड मजवर सोपविली. शिक्षकांविषयी लेख पुष्कळ निघतात. शिक्षक कसा असावा हे पुढारी सांगतात, अधिकारी सांगतात, निवृत्त शिक्षक तर हौसेने सांगतात. परंतु जो विद्यार्थी रोज पाच-सहा तास शिक्षकासमोर बसतो, त्याचे म्हणणे क्वचितच छापले जाते. म्हणून हा लेख त्याच्या बाजूने लिहावा असे ठरविले. लिहिणारा अर्थात शिक्षकच आहे. तेवढी सवलत वाचकांनी द्यावी.

या विषयाला एक तातडीचे कारणही आहे. ‘उत्कृष्ट शिक्षक’ असा एखादा पुरस्कार ठेवावा आणि त्याची निवड विद्यार्थ्यांच्या मतांवरून व्हावी, अशी सूचना आपल्या काही सभासदांनी बोलून दाखविली आहे. सूचनेमागील हेतू चांगला आहे. तथापि मुलांचे मत घेणे आणि मुलांकडून मतदान करवून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर नुकसान मुलांचेच व्हायचे. ते कसे, हे पुढे येईल.

आपल्या पांढुर्ण्यात पोळा आणि शिक्षकदिन बहुधा मागेपुढेच येतात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवितात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात. दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते, आणि तिसऱ्या दिवशी बैल पुन्हा जुवाला. शिक्षकदिनाचेही थोडेफार तसेच आहे. १९६२ सालापासून डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, ५ सप्टेंबरला, आम्हाला फुले मिळतात, मुले भाषणे पाठ करून म्हणतात. त्या भाषणांत शिक्षक मेणबत्ती असतो, कुंभार असतो, माळी असतो. ही मुलांची मते नव्हेत. ती निबंधमालेतील वाक्ये होत. मुलांचे खरे मत ऐकायचे तर निराळ्या रीतीने विचारावे लागते.

तसे विचारण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील आयोवा संस्थानात सू सिटी नावाचे गाव आहे. तेथील क्रॅट्झ नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने १८९६ साली सुमारे २४०० शाळकरी मुलांकडून त्यांच्या आवडत्या, उत्तम शिक्षकाचे वर्णन लिहवून घेतले. अभ्यासात मदत करणे हा गुण मुलांनी सर्वांत अधिक सांगितला. शिक्षकाचे दिसणे, नीटनेटके राहणे हेही बऱ्याच जणांनी लिहिले, आणि त्याबद्दल त्या काळी मोठ्यांना हसू आले असणार. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याच देशात ‘क्विझ किड्स’ नावाचा एक रेडिओ कार्यक्रम लोकप्रिय होता. त्या कार्यक्रमातर्फे ‘मला सर्वांत अधिक मदत केलेला शिक्षक’ या विषयावर मुलांकडून पत्रे मागविण्यात आली. आलेल्या सुमारे १२००० पत्रांचा अभ्यास पॉल विटी या प्राध्यापकाने केला व १९४७ साली प्रसिद्ध केला. मुलांना बरोबर घेऊन चालण्याची वृत्ती हा गुण पहिला आला. त्यामागोमाग प्रत्येक मुलाचा निराळा विचार करणारा दयाळूपणा, सहनशीलता, नाना विषयांतील गोडी, पक्षपात न करणे आणि विनोदबुद्धी. विषयाचे सखोल ज्ञान, पदव्या, कडक शिस्त यांपैकी काही त्या यादीच्या माथ्यावर नव्हते.

ते वाचून कोणी म्हणेल की मुलांना ज्ञानाची किंमत नसते. मला तसे वाटत नाही. शिक्षकाला विषय येतो हे मूल गृहीतच धरते. विहिरीला पाणी असायचेच. ते आपल्या घागरीत कसे येईल एवढीच त्याला काळजी.

मी स्वतः गणित व विज्ञान शिकवितो. गेली काही वर्षे माझ्या वर्गांतून दिवाळीच्या सुट्टीआधी मी चिठ्ठ्या लिहवून घेतो. ‘तुम्हाला कोणते सर किंवा बाई आवडतात?’ असा प्रश्न मी विचारीत नाही. त्याचे उत्तर भीड घालून जाते. ‘तुम्हाला एखादी गोष्ट समजली नाही तेव्हा वर्गात काय होते?’, ‘वही तपासून आल्यावर तुम्ही तीत काय पाहता?’, ‘वर्गात कोणाला प्रश्न विचारले जातात?’ असे साधे प्रश्न असतात. चिठ्ठ्या मी गोळा करीत नाही. शेजारच्या वर्गाचे शिक्षक करतात, आणि त्यांच्या मी करतो. नाव नसले तरी अक्षर ओळखू येते, हे मुलांना ठाऊक असते. काही पठ्ठे डाव्या हाताने लिहितात! त्या वेड्यावाकड्या अक्षरातली उत्तरे बहुधा सर्वांत उपयोगी असतात.

या चिठ्ठ्यांतून आकडे काढण्याचा उद्योग मी केलेला नाही, करणारही नाही. परंतु वर्षानुवर्षे काही गोष्टी पुन्हापुन्हा येतात. पहिली गोष्ट प्रश्नांची. समोरच्या दोन बाकांवरची तीच ती चार मुले उत्तरे देतात, शिक्षक समाधानाने पुढे जातो, आणि मागची तीस मुले मान हलवीत राहतात. मुलांना हे बरोबर दिसते. त्यांच्या दृष्टीने चांगला शिक्षक तो, जो मागच्या बाकापर्यंत चालत येतो. दुसरी गोष्ट वहीची. रात्री दिव्याखाली बसून सोडविलेल्या दहा उदाहरणांवर एक लांब तिरपी रेघ आणि खाली सही, हे मुलांना फार लागते. चूक कोठे झाली ते एका शब्दात लिहिलेले असले तरी ते मूल ती वही घरी दाखविते. तिसरी गोष्ट ऐकून पालकांना नवल वाटेल. मुलांना ढिला शिक्षक आवडत नाही. वर्गात गोंधळ चालू देणारा, काहीही केले तरी चालते असे समजणारा शिक्षक त्यांना पहिले चार दिवस गंमतीचा वाटतो. पुढे त्याच वर्गातील अभ्यासू मुले त्याच्यावर रागावतात आणि बाकीची त्याला मोजीत नाहीत. कडक असावे, पण कशाबद्दल कडक हे आधी कळावे, आणि सर्वांना सारखे असावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

सारखेपणाची ही गोष्ट लहान नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात एका कोपऱ्यात निराळे बसायचे, बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज प्यायचे नाही. त्या वर्गात कोणता धडा शिकविला गेला हे कोणाला आठवणार? गोणपाट मात्र आठवले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनीही आपल्या आत्मचरित्रात रामेश्वरच्या प्राथमिक शाळेतील असाच प्रसंग सांगितला आहे. ते आपल्या मित्राशेजारी पुढच्या बाकावर बसत. मित्र हा तेथील मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यांचा मुलगा. नवे शिक्षक आले, त्यांना हे रुचले नाही, आणि कलामांना मागच्या बाकावर धाडण्यात आले. मित्राला रडू आले. पुजाऱ्यांना हे कळताच त्यांनी त्या शिक्षकांना बोलावून घेतले व लहान मुलांच्या मनात असे विष कालवू नका असे बजावले; शिक्षकांना पश्चात्ताप झाला आणि ते बदलले. ज्या मुलाची जागा बदलली होती, तो पुढे देशाचा राष्ट्रपती झाला, आणि तेव्हाही ती जागा विसरला नव्हता.

त्याच पुस्तकात दुसऱ्या शिक्षकाचेही चित्र आहे. शिवसुब्रह्मण्य अय्यर हे कलामांचे विज्ञान-शिक्षक. सनातनी घराण्यातले, पण चाकोरी मोडणारे. पक्षी कसा उडतो हे त्यांनी फळ्यावर शिकविले, मुलांना नीट उमगले नाही असे दिसताच वर्ग समुद्रकिनाऱ्यावर नेला व उडणारे पक्षी दाखविले. एकदा त्यांनी कलामांना घरी जेवायला बोलाविले. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मुसलमान मुलाला वाढायला त्यांच्या पत्नीने नकार दिला, तेव्हा अय्यर यांनी स्वतःच्या हाताने वाढले आणि त्याच्या शेजारी बसून जेवले. निघताना पुढच्या आठवड्यात पुन्हा येण्याचे आमंत्रण दिले. आणि त्या वेळी बाईंनी स्वतः वाढले. मला या हकीकतीत दुसरे आमंत्रण अधिक मोठे वाटते. एकदा उदारपणा दाखविणे सोपे असते.

मुले शिक्षकाला कशासाठी लक्षात ठेवतात याचा शोध घेतला तर आपल्या मराठी मुलखात उदाहरणांची वाण नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांजकडे होती. तेथे ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत, १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. आजारी मुलाची शुश्रूषा, अस्ताव्यस्त खोलीची आवराआवर ही कामे ते न बोलता करीत. सहा वर्षांची नोकरी ती केवढी! पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती जन्मभर पुरविली. आता सर्वांनी साने गुरुजी व्हावे अशी अपेक्षा मी करणार नाही. तीस-पस्तीस वर्षे संसार सांभाळून नोकरी करणाऱ्या माणसावर असा आदर्श लादला की तो नमस्कार करतो आणि आपल्या वाटेने जातो. त्यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की मूल वर्गाबाहेरही मूल असते, हे शिक्षकाला दिसावे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे उदाहरण तर माझ्या फार आवडीचे आहे. ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. तरुण आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे वर्गाचे नाते मुळीच नाही. मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे केळुसकरांच्या ध्यानात आले, त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडून मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. आपल्या पटावर नसलेल्या मुलाकडे लक्ष जाणे, हे कोणत्याही तपासणी-अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

मागे जायचे तर महात्मा फुले यांच्याकडे जावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा असे सांगितले, आणि त्याबरोबर असेही मागितले की तो शेतकरी वर्गातून यावा, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराची तासणी हाती धरायला त्याला लाज वाटू नये, आणि लोकांत सहज मिसळता यावे. आपल्या भागात याचा अर्थ मी असा लावतो: कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पट रिकामा का होतो, संत्र्याचा आंबिया बहार तुटायला लागला की कोणते मूल बागेत टोपल्या भरीत असते, हे शिक्षकाला माहीत असावे. तसे मूल चार दिवसांनी परत आले की त्याला सर्वांसमोर गैरहजेरीचा जाब विचारणारा शिक्षक निराळा, आणि चार दिवसांत काय झाले ते मधल्या सुट्टीत दाखविणारा निराळा. माझ्याकडील चिठ्ठ्यांत या दुसऱ्या शिक्षकाची वाखाणणी फार असते. फुले यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. त्या मुलीने कोणा शिक्षकाला गुण दिले नव्हते. ती निर्भयपणे स्वतःचे लिहू शकली. शिक्षकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

आता आपल्या मुलखातील एका खास गोष्टीकडे वळतो, कारण चिठ्ठ्यांतून जी तक्रार मला सर्वांत अधिक दिसते ती इतर ठिकाणच्या पाहण्यांत सापडायची नाही. ती भाषेची आहे. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. पांढुर्णा-सौंसरची माणसे दप्तरी कामाला, दवाखान्याला, कॉलेजला नागपूरलाच जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला व राजधानी भोपाळला गेली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी भाषेची स्थिती तीच आहे: घरी, शेतात, बाजारात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, आणि बहुतेक शाळांतून पुस्तक, फळा, परीक्षा सारे हिंदीत. कोणाच्या घरी गोंडी आहे. आमच्यासारख्यांच्या घरी उर्दू-हिंदीचे मिश्रण, पण गल्लीत खेळताना मराठीच.

लोक समजतात की हिंदी-मराठी बहिणी-बहिणी, लिपी एक, मग अडचण कसली? अडचण तेथेच आहे. अगदी परकी भाषा असती तर मूल सावध राहिले असते. ओळखीचा शब्द निराळ्या अर्थाने आला की ते फसते आणि आपण फसलो हे त्याला कळतही नाही. खुद्द ‘शिक्षा’ हाच शब्द पाहा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. पहिलीतले मूल शाळेच्या भिंतीवर ‘शिक्षा’ वाचते तेव्हा त्याला काय वाटत असेल! हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतली म्हणजे थट्टा. हिंदीत ‘संसार’ म्हणजे सारे जग, आपल्याकडे चूल आणि मुलेबाळे. हे शब्द भाषेच्या तासाला निभावून जातात. गणितात निभावत नाहीत. अपूर्णांकाला हिंदी पुस्तकात ‘भिन्न’ म्हणतात. मराठी मुलाच्या मनात भिन्न म्हणजे निराळे. छेदाला ‘हर’ म्हणतात. बीजगणितात बदलत्या किंमतीच्या अक्षराला ‘चर’ म्हणतात, आणि आमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर बापाने बांधाकडेला खोदलेला चर येतो. विज्ञानात मराठीतली पेशी हिंदीत ‘कोशिका’ होते, आणि हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे कचेरीतली तारीख. वजाबाकीचे ‘घटाना’, नफा-तोट्याचे ‘लाभ-हानि’ हे तर रोजचेच.

म्हणून आमच्या वर्गांतील मुले लिहितात की जे सर एकदा हिंदीत सांगून तेच पुन्हा मराठीत सांगतात, ते समजावून सांगणारे सर. कित्येक शिक्षकांना हे कमीपणाचे वाटते. वर्गात मराठी बोलले की इयत्ता खाली गेली असे ते मानतात. त्यांनी २००९ चा शिक्षणहक्क कायदा उघडून पाहावा. मुलाच्या मातृभाषेतून, जेवढे व्यवहार्य असेल तेवढे, शिकवावे असे त्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. परीक्षा हिंदीत द्यायची असल्याने हिंदी संज्ञा पक्क्या झाल्याच पाहिजेत, यात वाद नाही. पण संज्ञा ही गोणीवरची चिठी आहे. गोणीत कापूस आहे की गहू, हे आधी हात घालून कळायला हवे.

छडीविषयी थोडक्यात. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई आहे. तरीही शाळेत मूल सोडताना ‘गोश्त आपका, हड्डी हमारी’ असे म्हणणारे वडील आमच्या मोहल्ल्यात अजून भेटतात, आणि मराठी घरांतही तशीच मोकळीक देणारे कमी नाहीत. त्यांना मी इब्न खल्दून यांचे नाव सांगतो. चौदाव्या शतकातील या थोर इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की सक्तीने व माराने शिकविलेले मूल आळशी होते, खोटे बोलायला शिकते, आणि ती सवय त्याच्या स्वभावात मुरते. त्याच्याही पूर्वी इमाम गझाली यांनी शिक्षकाच्या कर्तव्यांत विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखे वागविणे पहिले सांगितले, आणि चूक उघड न दाखविता सूचनेने सुधारावी असे म्हटले. मुलांच्या चिठ्ठ्या त्यांच्याशी सहमत आहेत. एवढेच की मुलांना माराहून टोमणा अधिक लागतो. बापाच्या धंद्यावरून, गावावरून, बोलण्याच्या ढबीवरून केलेला विनोद वर्ग हसून विसरतो. ज्याच्यावर केला तो विसरत नाही.

मग मुलांचे म्हणणे प्रमाण मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अलीकडे परदेशात बरेच श्रम झाले आहेत. अमेरिकेत गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ३००० शिक्षकांच्या वर्गांचा अभ्यास झाला. रोनाल्ड फर्ग्युसन यांनी तयार केलेली प्रश्नावली मुलांना दिली गेली. तीत शिक्षकाच्या कामाची सात अंगे होती – आस्था, वर्गावरील ताबा, स्पष्टीकरण, आव्हान, गोडी लावणे, मुलांचे ऐकून घेणे आणि शिकलेले पक्के करून घेणे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले की मुलांची उत्तरे आणि त्यांची प्रगती यांचा मेळ बसतो. आणि सातांपैकी ताबा व आव्हान या दोन अंगांचा मेळ सर्वांत चांगला बसतो. ज्या वर्गात वेळ वाया जात नाही आणि शिक्षक मुलाला सोप्यावर सोडून देत नाही, त्या वर्गात मुले पुढे जातात, आणि हे मुलांना स्वतःला ओळखता येते. वर सांगितलेली ‘ढिल्या’ शिक्षकाची तक्रार येथे आठवावी.

याच्या उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जातील हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, त्यामुळे तेथे तुलना नीट करता येते. कॅरेल आणि वेस्ट या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखविले की ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी चांगले गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या अभ्यासक्रमात चांगले उतरले, परंतु पुढच्या, वरच्या अभ्यासक्रमात मागे पडले. परीक्षेपुरते नेमके शिकविणारा लगेच आवडतो. पाया खणायला लावणारा त्रासदायक वाटतो. मोठ्या मुलांची ही गत, तर सातवीतल्या मुलाकडून काय अपेक्षा करावी?

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की वाट सापडते. मुलाला जे रोज डोळ्यांनी दिसते ते विचारले, तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही: सर वेळेवर येतात का, न समजल्यास पुन्हा सांगतात का, सर्वांना विचारतात का, वही पाहतात का. त्याला न्यायाधीश केले, कोण श्रेष्ठ हे ठरवायला लावले, तर तो आवडीनिवडीने, मित्रांच्या भरीने आणि कधी घरच्यांच्या सांगण्याने निकाल देतो. म्हणून मतांवरून पुरस्कार देण्याला माझा विरोध आहे. आपली गावे लहान आहेत. मते मोजली जाऊ लागली की त्यांत नातेगोते, जात, मोहल्ला, शिकवणी सारे येईल. शिक्षक मुलांना खूष ठेवू लागेल, आणि ज्या डाव्या हाताच्या चिठ्ठ्यांवर माझी एवढी भिस्त आहे त्या बंद होतील. ज्याच्या उत्तरावर पैसा किंवा मान अवलंबून आहे, तो मुलाला पूर्वीसारखे निर्धास्त विचारू शकत नाही.

मुलांचे म्हणणे ज्या शिक्षकाविषयी आहे त्याच्याच हाती, वर्षाच्या मध्यावर पडावे. वर्षअखेरीस कळून त्या मुलांना उपयोग नाही. दिवाळीआधी कळले तर होळीपर्यंत काही बदल करता येतो. मुख्याध्यापकांनी त्या चिठ्ठ्या पाहू नयेत, पालकांनी मागू नयेत, आणि त्यांची फाईल होऊ नये.

ट्रस्टला या कामी पैसा खर्चायचाच असेल तर चिठ्ठ्यांतच त्याची जागा दिसते. फळा दिसत नाही असे लिहिणारी मुले दर वर्षी निघतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा दोष शिक्षकाच्या अक्षराचा नसून मुलाच्या डोळ्यांचा असतो. वर्षातून एकदा डोळे तपासून चष्मे दिले तर काही शिक्षक आपोआप चांगले ठरतील! दुसरे काम शब्दांचे आहे. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानातील हिंदी संज्ञा, शेजारी मराठी शब्द आणि आपल्या शेतातले-बाजारातले एक उदाहरण, अशी चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका छापून दोन्ही तालुक्यांतील शाळांना वाटता येईल. त्याला फार खर्च नाही. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर असा एक तक्ता लावलेला आहे. त्यातले पुष्कळ शब्द मुलांनीच आणले, काही त्यांच्या आयांना विचारून. पुस्तिका काढायचे ठरले तर तो तक्ता उतरवून द्यायला मुले तयार आहेत. ‘चर’च्या शेजारी बांधाचे चित्र काढायचे की नाही, यावर तेवढा त्यांचा वाद चालू आहे.